सीलबंद बॅटरीला पाणी

आमच्या घरात जावयाला जो मान होता तो पाहून मला लग्नानंतर काही वर्षं खरंच वाटायचं, की या माणसाने कुठेतरी धरण बांधलेलं असणार. ते आले की सासूबाई पदर सावरून उठायच्या, नवरा स्वतःची खुर्ची द्यायचा आणि मी दोन्ही शेगड्या पेटवायची. "आमचे जावईबापू इंजिनियर आहेत," हे मी माझ्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा ऐकलं होतं. नाशिकच्या सातपूरला, मोठ्या कंपनीत. त्यापुढे कोणी काही सांगत नसे. विचारणं तर शोभतच नव्हतं.

सासरची मंडळी मूळची नाशिकजवळच्या मखमलाबादची. भाजीपाला आणि फुलांची शेती. मोठे दीर अजून तिथेच होते, आम्ही सिडकोत घर घेतलं होतं आणि सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. नवरा सिन्नरच्या एका कारखान्यात, सकाळी कंपनीच्या बसने जायचा आणि संध्याकाळी दमून यायचा. मी पुढच्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसले होते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका. लोक हस्ताक्षरातला मजकूर आणून द्यायचे, मी मराठीत टाइप करून, मांडणी करून, प्रिंट काढून द्यायची. घरातले याला "वहिनी घरी बसून टायपिंग करते" म्हणायचे. "घरी बसून" यावर जोर.

दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत नाशिकला लाइट जाणं म्हणजे बातमी नव्हती. कागदावर भारनियमनाची वेळ ठरलेली असायची, पण लाइट त्या वेळेच्या अलीकडे पलीकडे कधीही जायचे. म्हणून कॉम्प्युटरखाली यूपीएस नावाचा एक डबा होता. लाइट गेले की तो टूं टूं करायचा आणि आतल्या बॅटरीवर कॉम्प्युटर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायचा. तेवढ्यात काम सेव्ह करायचं, मशीन नीट बंद करायचं. एवढंच त्याचं काम आणि ते तो इमानदारीने करत होता. नवरात्राच्या थोडं आधी मात्र त्याचा दम संपला. लाइट गेले की एकदा टूं व्हायचं, आणि दुसऱ्या टूंच्या आत पडदा काळा. नेमकी सहामाहीच्या प्रश्नपत्रिकांची वेळ. नववीचा भूगोल एका आठवड्यात किती वेळा पुसला गेला ते मी मोजायचं सोडून दिलं.

मी नवऱ्याला म्हटलं, "आतली बॅटरी गेली असेल. बदलून आणते."

तो चहा पीत होता. "बघू," म्हणाला.

सासूबाई आतून म्हणाल्या, "बघू काय? जावईबापूंना ईचार. घरचा इंजिनियर सोडून दुकानदाराला पैशे कशाला द्यायचे?"

रविवारी जावईबापू आले. नणंदही आली, नेहमीसारखी भारी साडी, नेहमीसारखी गप्प. ती माझ्या नवऱ्यापेक्षा धाकटी, पण आम्ही सगळे तिला ताईच म्हणायचो. मला ती गर्विष्ठ वाटायची. जावई बोलत असताना ती खिडकीबाहेर बघत बसायची, जणू आमच्या खोलीत बघण्यासारखं काहीच नाही.

जेवण झालं. जावईबापूंना मी दाजी म्हणायची, नवरा म्हणायचा म्हणून. दाजींनी डब्याच्या चारी बाजूंनी एक चक्कर मारली, त्यावर बोटाने टकटक केलं आणि कान लावला. मग सोफ्यावर बसून निकाल दिला.

"बॅटरीला काही झालेलं नाही. लोड जास्त आहे."

"आधी तर याच लोडवर चालत होता," मी म्हणाले.

"आधीचं वेगळं. आता व्होल्टेजची क्वालिटी घसरली आहे." ते माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघून बोलत होते. "सगळ्यात जास्त लाइट पडदा खातो. त्यांना सांगा, पडदा बंद ठेवून टायपिंग करायचं. अधूनमधून लावून बघायचं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. हा माणूस दिवसभर मशिनवर काम करायचा, त्याला कळत नव्हतं असं नाही. पण जावयासमोर मान डोलवायची त्याची सवय इतकी जुनी होती, की ती आता त्याच्या विचार करण्याची वाटच बघत नसे. सासूबाई म्हणाल्या, "बघ, किती सोपं होतं." आणि मी शिऱ्याच्या दुसऱ्या वाट्या भरायला आत गेले.

पुढच्या रविवारी दाजी हत्यारं घेऊन आले. पक्कड, टेस्टर, स्क्रू-ड्रायव्हरचा संच, आणि औषधाच्या दुकानातून आणलेली एक इंजेक्शनची सिरिंज. पडद्याचा उपाय मी केला नाही हे त्यांना कळलं होतं, त्यामुळे चेहऱ्यावर जरा नाराजी होती. त्यांनी सोफ्यासमोर सासूबाईंची निळी सतरंजी अंथरून घेतली, डबा उघडला आणि आतली काळी, विटेएवढी बॅटरी काढली. तिच्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं होतं, की ही सीलबंद आहे, उघडू नये.

"दाजी, यावर लिहिलंय उघडू नका म्हणून," मी म्हणाले.

"कंपन्या लिहितातच," ते हसले. "न लिहून कसं चालेल? लोक पाणी घालून वापरायला लागले तर नवीन विकत कोण घेणार?"

नवरा हसला. सासूबाई हसल्या. कंपन्यांची लबाडी आमच्या घरात पकडली गेल्याचा आनंद त्या खोलीत असा काही पसरला, की मी एकटीच त्यातून वगळली गेले. दाजींनी स्क्रू-ड्रायव्हर घालून वरची पट्टी उचकटली. खाली रबरी टोपणांची रांग होती. एकेक टोपण काढून ते सिरिंजने डिस्टिल्ड वॉटर सोडू लागले. चेहरा असा गंभीर, जणू रोगी दगावला तर नातेवाइकांना काय सांगायचं याचाही विचार चाललाय. एक टोपण घरंगळत कपाटाखाली गेलं ते गेलंच. त्या भोकावर त्यांनी जखमेवर लावायची चिकटपट्टी लावली.

त्या दिवशी लाइट गेल्यावर डबा पाच-सहा वेळा टूं करून मग बंद पडला. आधी एकदाच करायचा. दाजी म्हणाले, "सुधारणा आहे. पाणी मुरायला वेळ लागतो."

चार-पाच दिवसांत सतरंजीला भोकं पडली. पाणी घालताना जे काही सांडलं होतं त्यात आतलं ॲसिड होतं. मी भोकं सासूबाईंना दाखवली. त्यांनी बोट घालून बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि म्हणाल्या, "उंदीर झालेत घरात." दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखर पिंजरा लावला. मी त्यात रोज भाकरीचा तुकडा लावत होते, कारण तेही काम माझंच.

प्रश्नपत्रिका मी दर ओळीला सेव्ह करत कशाबशा पूर्ण केल्या. पण दिवाळीच्या आधी एका पतसंस्थेचा अहवाल द्यायचा होता, आणि त्यातले आकड्यांचे तक्ते असे सारखे उडाले तर मी वेडी झाले असते. मी पुन्हा म्हणाले, बॅटरी आणते. तेव्हा दाजींनी शेवटचं अस्त्र काढलं.

"छोट्या बॅटरीत दमच नसतो," दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते सांगत होते. त्यांना सुट्टी होती, आमचं दुर्दैव. "मोठी लावू. दिवसभर लाइट गेले तरी कळणार नाही." ते नवऱ्याला स्कूटरवर मागे बसवून मखमलाबादला गेले आणि मोठ्या दिरांच्या ट्रॅक्टरची बॅटरी उचलून घेऊन आले. दीर शेतात झेंडू तोडून घेत होते. जाऊबाईंनी दिली. जावयाला नाही कोण म्हणणार?

ती बॅटरी माझ्या पुढच्या खोलीत, लग्नपत्रिकांच्या नमुन्यांशेजारी, मातीने माखलेली बसली. दाजींनी छोट्या बॅटरीच्या वायरी कापल्या, त्यांना लांब वायरी पिळून जोडल्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीला गुंडाळल्या. मग मेन स्विच बंद करायला लावला. डबा टूं टूं करायला लागला, आणि कॉम्प्युटर चालूच राहिला. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. सासूबाईंनी शेजारणींना बोलावून आणलं. दाजी हाताची घडी घालून उभे होते. खरं सांगायचं तर मलासुद्धा क्षणभर वाटलं, की आपणच उगाच या माणसाला नावं ठेवत होतो.

मग वास आला. गरम वार्निशचा, घशात बसणारा. मी डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पंधरा-वीस मिनिटं चालायला बनवलेला तो डबा, त्याला दमायची सोयच ठेवली नव्हती.

"दाजी, हा तापलाय."

"नवीन जोडणी आहे, तापणारच."

"धूर येतोय."

"धूळ जळतेय आतली. चांगलंच आहे, साफ होईल."

मी त्यांचं ऐकलं नाही. पुढे होऊन डब्याचा खटका बंद केला. दाजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्यांच्या हातातला घास मी हिसकावला होता. शेजारणी एकेक करून निघून गेल्या.

"चालू होतं ते बंद केलं ना!" सासूबाई म्हणाल्या. "माणसानं एवढी मेहनत केली."

तेवढ्यात दारात मोटारसायकल वाजली. मोठे दीर. पायाला चिखल, अंगाला झेंडूचा वास. ट्रॉली भरून उभी होती, दुसऱ्या दिवशीच्या बाजाराची फुलं, आणि ट्रॅक्टरला बॅटरी नव्हती. त्यांनी ती वायरींतून सोडवली, पोत्यात घातली. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे गेले तेव्हा फक्त हळू म्हणाले, "जाऊ दे. पाव्हणे हायेत." ती जुनी बॅटरी आमच्या डब्याने पिऊन टाकली होती, हे त्यांना घरी गेल्यावर कळलं. ट्रॅक्टर चालू होईना. शेवटी गावातल्या कोणाची तरी पिकअप करून फुलं बाजारात नेली, उशिरा. दसऱ्याच्या दिवशी आम्ही सगळे, दाजीसुद्धा, त्यांच्याकडे सोनं द्यायला गेलो, तेव्हा त्यांनी आधी दाजींना पान दिलं आणि वाकून नमस्कार केला. या घरात एका माणसालाही राग येत नाही का, असं मला ओरडून विचारावंसं वाटत होतं. विचारलं नाही. पुरणपोळ्या वाढल्या.

दसऱ्यानंतर, नवरा बसने गेल्यावर, मी ती छोटी बॅटरी पिशवीत घातली आणि एमजी रोडला गेले. कॉम्प्युटरच्या सामानाची सगळी दुकानं तिथे. दुकानदाराने बॅटरी हातात घेतली. तिचं पोट फुगलं होतं, वर चिकटपट्टी.

"हिचं ऑपरेशन कोणी केलं?" त्याने विचारलं.

"आमच्या घरी इंजिनियर आहेत."

तो आणि शेजारचा दुकानदार पोट धरून हसले. मला त्यात सामील होता आलं असतं, पण लगेच तो म्हणाला, "मग मॅडम, बसवायला त्यांनाच सांगा. लेडीज लोकांनी वायरींना हात लावू नये. घरी जेन्ट्स आहेत ना?"

"जेन्ट्स आहेत म्हणूनच ही अशी झाली," मी म्हणाले. तसलीच नवीन बॅटरी आणि वायरींना लावायची धातूची दोन टोकं घेतली आणि निघाले. याच्या अकलेचीही मला कीव आली.

घरी सासूबाई मंदिरात गेल्या होत्या. मी डबा उघडून बसले, नशिबाने आतलं काही जळालं नव्हतं, आणि दार वाजलं. ताई होती, एकटी. तिला असं एकटं आलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"वहिनी, यांची हत्यारं राहिलीत तुमच्याकडे. कोणाकडे तरी गिझर बघायला जायचंय म्हणे." मग तिला जमिनीवरचा पसारा दिसला. "काय चाललंय?"

"बॅटरी बदलते आहे," मी म्हणाले. आता ही जाऊन आईला सांगेल, असं वाटलं, पण माझी भीड संपली होती.

तिने चपला काढल्या, साडी खोचली आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसली. "काय धरू?"

दाजींनी वायरी इतक्या वाकड्या कापल्या होत्या, की टोकं बसवायला आधी त्या सोलाव्या लागणार होत्या. ताईने ब्लेड मागितलं आणि वायरी सोलल्या, वांग्याचं देठ काढावं इतक्या सहज. मी दाजींच्याच पकडीने टोकं दाबून बसवली. लाल वायर लाल खुणेला, काळी काळ्या खुणेला. बॅटरी आत सरकवली, चार स्क्रू. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी आमच्या घराने सतरंजी जाळली, झेंडू वाया घालवायची वेळ आणली आणि मला दोन रविवार शिरा करायला लावला. ताई चहा ठेवते म्हणाली, आणि ती उठण्याआधीच काम झालं होतं.

डबा चार्जिंगला लावला. ताई चहा घेऊन आली आणि अचानक हसू लागली. इतकी, की कप खाली ठेवावा लागला.

"काय झालं?"

"आमचा मिक्सर दोन दिवाळ्या बंद आहे," ती म्हणाली. "यांनी उघडलाय. इस्त्री उघडली. दारावरची बेलसुद्धा उघडली, आता लोक कडी वाजवतात. दुकानात दिलं तर यांचा अपमान होतो. मी पाट्यावर वाटते, वहिनी."

"मग बोलली का नाहीस? आईंना तरी सांगायचं."

"आईला इंजिनियर जावई हवाय." तिने चहा ढवळला, साखर केव्हाच विरघळली होती. "ते स्टोअरला आहेत. पहिल्यापासून. कामगारांना हातमोजे, बूट, साबण मोजून देतात. त्यात वाईट काहीच नाही. चांगलं काम आहे, वेळेवर पगार आहे. पण बैठकीत मध्यस्थाने इंजिनियर म्हटलं आणि कोणीच नाही म्हटलं नाही. मग दर वर्षी ते जास्त जास्त इंजिनियर होत गेले."

मला हसावं की काय करावं कळेना. धरण बांधणारा माणूस हातमोजे वाटत होता. आणि इतकी वर्षं मला जी बाई गर्विष्ठ वाटत होती ती खिडकीबाहेर बघत होती, कारण तिला आत बघवत नव्हतं.

"कोणाला सांगू नकोस" असं काही ती म्हणाली नाही. जाताना ती कॉम्प्युटरजवळ थांबली. "हे मला शिकवशील?"

पुढच्या रविवारी पंगत बसली असतानाच लाइट गेले. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर चालू होता. डबा शांतपणे टूं टूं करत राहिला. सासूबाईंनी कान टवकारले आणि त्यांचा चेहरा उजळला. "ऐका! म्हटलं नव्हतं? पाणी मुरायला वेळ लागतो, ते म्हणाले होते. जावईबापूंचं पाणी लागू पडलं."

दाजींनी नम्रपणे भाताकडे पाहिलं. नवऱ्याची मान डोलायला लागली होती. माझ्या हातात वरणाचं भांडं होतं आणि तोंडात हातमोज्यांपर्यंतची सगळी वाक्यं तयार होती. मी ताईकडे पाहिलं.

ती जेवण न थांबवता म्हणाली, "पाणी नाही, आई. बॅटरी नवीन आहे. वहिनीने बदलली. वायरी मी सोलल्या."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी एकदा लेकीकडे, एकदा जावयाकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. दाजींनी घास गिळला, पाण्याचा घोट घेतला.

"हो," ते म्हणाले. "मी म्हटलंच होतं ना, शेवटी बदलावी लागेल."

आणि सगळ्यांचा श्वास मोकळा झाला! सासूबाई म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं म्हणून तर कळलं तुम्हाला." नवरा म्हणाला, "बरोबर आहे." मी वरण वाढलं. रागसुद्धा आला नाही. ज्या घराला आंधळं राहण्यात इतकं सुख आहे, त्याला दिवा दाखवायचे कष्ट मी का घ्यावेत, असं वाटून गेलं. फक्त ताई हसत होती, मान खाली घालून.

नवरा रात्री म्हणाला, "तू मला सांगायचं ना, बदललीस ते."

"सांगून काय केलं असतंस?"

तो बराच वेळ विचार करत राहिला आणि झोपला. हे उत्तर मला पटलं.

ताई आठवड्यातून तीन दुपारी यायला लागली. सातपूरहून दोन बस बदलून. घरी तिने सांगितलं, की वहिनीला दिवाळीचं फराळाचं करायला मदत करते, आणि दिवाळी होऊन गेल्यावरही ते कारण कोणी तपासलं नाही. बायका एकमेकींकडे फराळ करतात यावर आमच्या घरात कोणाचाही विश्वास बसत असे. तिची बोटं माझ्यापेक्षा जलद निघाली. जोडाक्षरं तिची कधी चुकली नाहीत. पतसंस्थेचा अहवाल अर्धा तिने केला. वर्षभराने तिने सातपूरला, त्यांच्या घरापासून जवळच, टायपिंगच्या दुकानासाठी एक गाळा घेतला. भांडण झालं, दाजी आठवडाभर जेवले नाहीत असं सासूबाई सांगत. पण दुकान उघडताना नारळ त्यांनीच फोडला आणि आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, की मिसेसला मी लाइन लावून दिली.

आता ते निवृत्त झालेत आणि दिवसभर त्याच दुकानात बसतात. मी मागे गेले होते तेव्हा एका गिऱ्हाइकाला मराठी फॉन्ट कसा बिघडतो हे समजावून सांगत होते, उन्हामुळे बिघडतो असं त्यांचं म्हणणं होतं. गिऱ्हाईक विश्वासाने ऐकत होतं. ताई की-बोर्डवरून नजर न उचलता म्हणाली, "अहो, कागदाचं एक रिम आणता का? संपत आलंय."

कपाटात रिमांची थप्पी मला दिसत होती. दाजी उठले, पिशवी घेतली, गिऱ्हाइकाला "थांबा, आलोच" म्हणाले आणि उन्हात निघाले.